व्हेरिकोसीलचा निर्णय सोनोग्राफीच्या कागदावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की आधी सून दवाखान्यात जाते. तिच्या रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीची तपासणी, हे सगळे उरकल्यावर कुणीतरी नवऱ्याला वीर्यतपासणी करायला सांगते. मूल न होण्यामागे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने, असते. तरीही त्याचा नंबर शेवटी लागतो. शुक्राणू कमी निघतात, मग वृषणांची सोनोग्राफी होते आणि अहवालात शब्द येतो: व्हेरिकोसील.

इथून दोन वाटा फुटतात आणि दोन्हीकडे चुका होतात. काहींना त्या एका कागदावर आठवड्याभरात ऑपरेशनची तारीख मिळते. काहींना ‘त्याने काही फरक पडत नाही’ असे सांगून थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या फाइलवर घेतले जाते. दोन्हीकडे बऱ्याचदा एक गोष्ट राहून गेलेली असते. पुरुषाला उभे करून, हाताने, नीट तपासलेलेच नसते. आमचे म्हणणे मुख्यतः त्याबद्दल आहे.

व्हेरिकोसील म्हणजे वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरांचे जाळे फुगणे आणि त्यात रक्त तुंबणे. पायाच्या शिरा फुगतात तोच प्रकार. हायड्रोसीलमध्ये वृषणाभोवती पाणी साठते, हर्नियात पोटातले आतडे खाली उतरते. लोक तिन्हींना सरसकट ‘अंडवृद्धी’ म्हणतात, पण तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत. शंभरातल्या सुमारे ९० जणांत व्हेरिकोसील डावीकडे असते. उजव्या वृषणाची शीर थेट पोटातल्या महाशिरेला तिरपी मिळते. डावीची मात्र लांबी जास्त, आणि ती मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. उभ्या माणसात रक्ताचा तो सगळा स्तंभ खाली दाब देतो. शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटे उतरते.

वृषणाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गाने त्याला शरीराबाहेर पिशवीत ठेवले. शिरांचे हे जाळे वृषणाच्या धमनीभोवती गुंडाळलेले असते आणि आत येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेते. जाळ्यात रक्त तुंबले की ही सोय मोडते. तापमान वाढते, पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्या डीएनएत तुटफूट वाढते.

पण हेही तितकेच खरे की सर्वसाधारण पुरुषांतही शंभरात १५ जणांना व्हेरिकोसील असते आणि त्यातल्या बहुतेकांना मुले होतात. वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जाते. म्हणजे संबंध नक्की आहे, पण ‘सापडले की बांधून टाका’ हा नियम होत नाही.

तपासणी कशी व्हावी ते सांगतो, म्हणजे वाचकाला आपली झाली की नाही हे ओळखता येईल. खोली उबदार हवी. एसीच्या गारठ्यात पिशवी आक्रसते आणि शिरा हाताला लागत नाहीत. रुग्णाने कंबरेखालचे कपडे काढून किमान दोन-तीन मिनिटे उभे राहायचे. डॉक्टर आधी नुसते बघतात. त्वचेखाली वळ्या दिसल्या तर ती तिसरी श्रेणी. दिसत नाहीत, पण वृषणाच्या वर बोटांत धरल्यावर शेवयांच्या गुंत्यासारख्या लागतात, ती दुसरी. एरवी लागत नाहीत, पण नाक-तोंड बंद करून शौचाला जोर लावल्यासारखा जोर केला की बोटांखाली भरून येतात, ती पहिली. मग झोपवून पुन्हा बघायचे, कारण साधे व्हेरिकोसील आडवे झाल्यावर रिकामे होते. याच वेळी शुक्रवाहिनीची दोरी दोन्ही बाजूंना आहे ना, हेही बोटांना कळते, आणि मोजमापाच्या मण्यांची माळ लावून वृषणांचे आकारमान घेता येते. प्रौढ पुरुषाचे वृषण साधारण १५ मिलिलिटर किंवा त्याहून मोठे असते. या सगळ्याला जेमतेम दहा मिनिटे लागतात.

झोपल्यावरही शिरा रिकाम्या होत नसतील, व्हेरिकोसील फक्त उजवीकडे आणि मोठे असेल, किंवा चाळिशी-पन्नाशीत अचानक उद्भवले असेल, तर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करायलाच हवा. मूत्रपिंडाची गाठ शिरेला अडवत असण्याची शक्यता असते. ही बाब क्वचितची आहे, पण हुकली तर महागात पडते.

आता सोनोग्राफीकडे येऊ. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, शिरेची रुंदी ३ मिलिमीटर किंवा अधिक आणि जोर लावल्यावर उलटा प्रवाह, असा निकष साधारणपणे धरतात. आमच्या हाती येणाऱ्या अहवालांत ‘२.१ मिमी, सौम्य व्हेरिकोसील’ असे सर्रास लिहिलेले असते. रुग्ण उभा होता की आडवा, उलटा प्रवाह होता का, किती वेळ टिकला, याचा पत्ता नसतो. हाताला न लागणाऱ्या, फक्त पडद्यावर दिसणाऱ्या व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करून गर्भधारणा वाढते, असा भक्कम पुरावा नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन आणि तिथल्या प्रजननवैद्यक संस्थेच्या २०२० सालच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत ती करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. हाताला लागणारे व्हेरिकोसील, मूल होत नसणे आणि वीर्यतपासणीत दोष हे तिन्ही एकत्र असतील तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा, हेही त्यांतच आहे. सोनोग्राफी उपयोगी पडते ती माणूस फार स्थूल असेल, आधी त्या भागात ऑपरेशन झालेले असेल किंवा बोटांना शंका राहिली असेल तेव्हा.

वीर्यतपासणी एकच असेल तर तिच्यावर विसंबू नये. निदान दोन हव्यात, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून. आधी २ ते ७ दिवस संयम पाळावा आणि दोन्ही वेळा दिवस सारखे ठेवावेत, नाहीतर तुलना होत नाही. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचा असेल तर डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवावी आणि तासाच्या आत पोचवावी. दुचाकीच्या डिकीत नको. तेल, साबण, थुंकी, साधा निरोध, यांपैकी काहीही वापरले तर शुक्राणू मरतात. सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात, त्यामुळे सुरुवातीचा भाग सांडला असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि नमुना पुन्हा द्यावा. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया असा मोठा ताप येऊन गेला असेल तर संख्या तात्पुरती घसरते. अशा वेळी शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे चूक, तीन महिने थांबून पुन्हा तपासावे. गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे, भट्टीवर, फाउंड्रीत दिवस काढणाऱ्यांनी आपले काम डॉक्टरांना सांगावे. उष्णतेने व्हेरिकोसील होत नाही, पण शुक्राणूंचे नुकसान होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या सहाव्या आवृत्तीतले किमान संदर्भ आकडे असे: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल ४२ टक्के, एकूण शुक्राणूंपैकी पुढे सरकणारे ३० टक्के, नेहमीच्या आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा बघून पुष्कळ तरुण हादरतात. ‘९५ टक्के शुक्राणू खराब’ असे वाचून झोप उडते. ९६ टक्के वेगळ्या आकाराचे असणे हे संदर्भमर्यादेतच येते, एवढे प्रयोगशाळेने तिथेच लिहिले तर किती घरांतला घोर कमी होईल!

आम्हाला अधिक उपयोगी वाटतो तो एक साधा गुणाकार. वीर्य २ मिलिलिटर, दर मिलिलिटरला ८० लाख, हालचाल २५ टक्के. म्हणजे एकूण १ कोटी ६० लाख आणि त्यांतले हालचाल करणारे ४० लाख. हा आकडा ५० लाखांच्या खाली असला की बहुधा टेस्ट ट्यूबचाच, तोही एकेक शुक्राणू टोचण्याचा, सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेनंतर तोच आकडा एक-दीड कोटीवर गेला तर गर्भाशयात वीर्य सोडण्याचा सोपा, कमी खर्चाचा मार्ग खुला होतो, किंवा नैसर्गिक गर्भधारणेची वाट बघता येते. व्हेरिकोसीलच्या उपचाराचे मोल जोडप्याची पायरी अशी खाली येण्यातही असते, आणि ते समुपदेशनात फारसे सांगितले जात नाही.

आणखी एक अट पत्नीची. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर यायला आणखी काही दिवस. आज शिरा बांधल्या तर फरक दिसायला तीन ते सहा महिने, आणि गर्भ राहायला त्याहून अधिक. पत्नी २८ वर्षांची, नलिका मोकळ्या, अंडसाठा चांगला, तर वर्षभर वाट पाहणे शहाणपणाचे. ती ३७-३८ वर्षांची असेल, अंडसाठा उतरलेला असेल किंवा दोन्ही नलिका बंद असतील, तर नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी तिचे वर्ष खर्ची घालणे अन्यायाचे आहे. म्हणून पत्नीचे अहवाल न बघता मूत्रविकारतज्ज्ञाने तारीख देऊ नये आणि पतीला न तपासता वंध्यत्व केंद्राने पॅकेज सांगू नये. दोघांनी एकमेकांना फोन करावा, एवढी ही साधी बाब आहे.

शस्त्रक्रियेच्या पद्धती अनेक आहेत. पूर्वी पोटाच्या बाजूने वर छेद घेऊन शिरा बांधत, नंतर दुर्बिणीतून बांधू लागले. आज सर्वांत चांगले निकाल आहेत ते जांघेत, वृषणरज्जू (शिरा, धमनी आणि शुक्रवाहिनी एकत्र असलेली दोरी) बाहेर येते त्या कडीच्या खाली, २ ते ३ सेंटिमीटरचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेचे. रज्जू हलकेच वर उचलून खाली रबरी पट्टी सरकवतात. दहा-पंधरा पट मोठ्या दिसणाऱ्या त्या दोरीत एक-दीड मिलिमीटरची धमनी शोधायची असते. हात लागला की ती आक्रसते, ठोका दिसेनासा होतो. मग तिच्यावर लिग्नोकेन किंवा पॅपाव्हेरिनचे थेंब टाकून थांबायचे, ठोका परत येतो. बारीक डॉप्लरची सळई टेकवली की तिचा आवाजही ऐकू येतो. लसीकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचे जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, पाण्यासारख्या पारदर्शक असतात, त्या ओळखून बाजूला ठेवायच्या. उरलेल्या निळसर शिरा, दहा असोत वा पंधरा, एकेक करून रेशमी धाग्याने बांधून कापायच्या. शुक्रवाहिनी आणि तिच्यासोबतच्या शिरा राखायच्या, कारण पुढे वृषणातले रक्त त्याच वाटेने परत जाते. एका बाजूला तास-दीड तास सहज लागतो.

सूक्ष्मदर्शक नसेल तर काय बिघडते? बारीक शिरा सुटतात आणि काही महिन्यांत व्हेरिकोसील परत येते. लसीकावाहिन्या बांधल्या जातात आणि हायड्रोसील होते. धमनी बांधली गेली तर वृषण सुकण्याचा धोका असतो, क्वचित का होईना. अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिल्यावर सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे १ टक्का आणि हायड्रोसीलचे १ टक्क्याहूनही कमी आढळते. जुन्या वरच्या छेदाच्या पद्धतीत हेच आकडे सुमारे १५ आणि ८ टक्के आहेत. म्हणून रुग्णाने संकोच न करता विचारावे: सूक्ष्मदर्शक वापरणार का? की फक्त चष्म्याला लावायचे भिंग? धमनी कशी ओळखणार? हे प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरांकडून दुसरे मत घ्यायला उठावे.

‘विना ऑपरेशन’ म्हणून जाहिराती होतात त्यांतला खरा प्रकार एकच, एम्बोलायझेशन. जांघेतून किंवा मानेच्या शिरेतून नळी घालून, एक्स-रेखाली वृषणाच्या शिरेत धातूची वेटोळी किंवा शीर बंद करणारे औषध सोडतात. प्रशिक्षित रेडिओलॉजिस्टच्या हाती ही चांगली पद्धत आहे, विशेषतः ऑपरेशननंतर परत आलेल्या व्हेरिकोसीलसाठी. मात्र काही जणांत नळी त्या शिरेपर्यंत पोचतच नाही, उजवीकडे तर जास्त वेळा. गोळ्या, लेप, तेल, पट्टा यांनी फुगलेली शीर पुन्हा आक्रसत नाही. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा मोठा डबा महिनोन्महिने लिहून देण्याची पद्धत पडली आहे, पण त्याने मूल होण्याची शक्यता वाढते हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. आणि ‘ताकदीचे’ म्हणून दिलेले किंवा व्यायामशाळेत मिळालेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन तर सरळ घातक. बाहेरून ते मिळाले की मेंदू वृषणांना संदेश देणे थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर ते परत यायला महिने लागतात. मूल हवे असलेल्या पुरुषाने ते घेऊ नये.

निकालाबद्दल खरे तेच सांगायला हवे. योग्य निवड केलेल्या दहांपैकी सहा-सात जणांच्या वीर्यतपासणीत सुधारणा दिसते. गर्भ सर्वांना राहत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि सदोष वीर्यतपासणी असलेल्या पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. शस्त्रक्रिया झालेल्यांत वर्षभरात सुमारे ३३ टक्के जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणा झाली, नुसती वाट पाहिलेल्यांत सुमारे १४ टक्के. म्हणजे फायदा दुपटीहून जास्त, तरीही तीनातल्या दोघांना त्या वर्षात यश नाही. हे दोन्ही आकडे ऑपरेशनआधी जोडप्यासमोर एकत्र ठेवले गेले पाहिजेत. ‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्याच्या दारात थांबू नये.

शुक्राणू शून्य असतील तर प्रकरण वेगळे. मार्ग अडल्याने शून्य आहेत की तयारच होत नाहीत, हे आधी ठरवायचे. तयार होत नसतील तर एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची तपासणी, गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रातील तुटींची तपासणी हवी. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळलेला असेल तर शिरा बांधून काहीच हाती लागत नाही. बाकीच्यांपैकी काहींत शस्त्रक्रियेनंतर थोडे शुक्राणू वीर्यात येतात, पण त्याचा पुरावा पक्का नाही आणि हे तसेच सांगावे. जे थोडे आले ते लगेच गोठवून ठेवावेत, पुढच्या तपासणीत ते असतीलच असे नाही.

ऑपरेशननंतर बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. दोन आठवडे घट्ट आधार देणारी चड्डी किंवा लंगोट वापरावा. बसून करायचे काम चार-पाच दिवसांत, शरीरसंबंध दोन आठवड्यांनी, पोती उचलणे, व्यायामशाळा आणि सायकल तीन-चार आठवड्यांनी. थोडी सूज आणि काळेनिळेपण येते, ते ओसरते. ताप, वाढत जाणारी सूज, जखमेतून पू, हे मात्र त्याच दिवशी दाखवावे. वीर्यतपासणी तीन महिन्यांनी, मग दर तीन महिन्यांनी वर्षभर. दुसऱ्याच महिन्यात तपासून ‘फुकट गेले’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते शुक्राणू ऑपरेशनआधी तयार व्हायला लागलेले असतात.

किशोरवयीन मुलांबद्दल थोडेसे. बारा-पंधरा वर्षांच्या मुलात व्हेरिकोसील दिसले की आईबाप घाबरतात. दुखत नसेल आणि दोन्ही वृषणे सारखी वाढत असतील तर दरवर्षी मोजमाप घेणे पुरते. डावे वृषण उजव्यापेक्षा २० टक्क्यांहून लहान राहिले आणि पुन्हा मोजल्यावरही फरक टिकला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सैन्य किंवा पोलीस भरतीत व्हेरिकोसीलमुळे अपात्र ठरतो म्हणून मुले ऑपरेशनला येतात. ते भरतीच्या नियमासाठीचे ऑपरेशन आहे. ‘नाही केले तर बाप होणार नाहीस’ अशी भीती त्या मुलाला घालू नये.

आपल्या दैनिकाला आणि रेडिओलॉजिस्ट मंडळींना एकेक विनंती. सोनोग्राफीच्या अहवालावर तपासणी उभ्याने झाली की आडवी, शिरेची रुंदी, उलटा प्रवाह किती सेकंद, दोन्ही वृषणांचे आकारमान आणि पोटाकडे पाहिले का, हे पाच मुद्दे छापील रकान्यांतच यावेत. आणि वंध्यत्वाच्या जाहिराती स्वीकारताना ‘विना ऑपरेशन’ असे लिहून आलेल्यांना पद्धतीचे नाव जाहिरातीतच द्यायला सांगावे.

आपले विश्वासू,
मूत्रविकार आणि पुरुष-वंध्यत्वाच्या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, पुणे